ताण्याची वाट

आमच्या पेठेत पहिल्यांदा आलेला माणूस देवीच्या देवळापुढं थबकतो. पायरीवर उभं राहून मावळतीकडं पाहिलं की समोर ओळीनं उभ्या असलेल्या सगळ्या इमारतींच्या पोटातून एक सरळ वाट आरपार गेलेली दिसते, थेट पलीकडच्या बारवेपर्यंत. इमारती म्हणाल तर एकीसारखी दुसरी नाही. कुणाला काचा, कुणाला ग्रॅनाइट, एकीच्या कपाळावर तर विमान कोरलंय. बिल्डर वेगळे, बांधल्याची सालं वेगळी. पण तळमजल्यावर, पार्किंगच्या मधोमध, प्रत्येकानं तेवढी पट्टी मोकळी सोडलेली आहे. तिथं भिंत नाही, जाळी नाही, गेट नाही, आणि तिथं कुणी स्कूटरसुद्धा लावत नाही. दोन माणसं हात पसरून शेजारी शेजारी चालतील एवढी तिची रुंदी.

फ्लॅट बघायला येणारे हटकून विचारतात, "इथं गेट का नाही? चोर शिरतील की."

मी म्हणते, शिरू देत. वाटेवर पहिल्या इमारतीत एकजण विचारील कुणाकडं आलात, दुसऱ्या इमारतीत विचारतील गाव कुठलं, तिसरीत चहाला बसवतील. चोर कंटाळून परत जातो.

कॉलेजातल्या आर्किटेक्चरच्या मुलीही येतात, टेप लावून वाट मोजतात, वह्यांत चित्रं काढतात. त्यांचा प्रश्न जरा निराळा असतो. त्या म्हणतात, एवढ्या महागाच्या जागेत, शहराच्या अगदी मध्यात, बिल्डरनं ही जागा सोडली कशी? नकाशात तर हा रस्ता नाही. त्यांना मग मी पायरीवर बसवते आणि तुळसामावशी म्हेत्रे यांनी मला जे सांगितलं ते सांगते. मावशींना त्यांच्या सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं. खरं-खोटं करायला त्यातलं कुणी उरलेलं नाही. वाट उरली आहे.

ही पेठ कोष्ट्यांची. घराघरात माग. आताचा नव्हे, खड्ड्याचा माग. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसायचा, पायानं पावडी दाबायची, हातानं धोटा फेकायचा. देवळापासून बारवेपर्यंत एक सरळ बोळ होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं अशी चिकटलेली, की एका घराची भिंत तीच दुसऱ्याची. बोळ सरळ का? तर ताण्यासाठी. लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्याला खळ, म्हणजे पिठाची पातळ पेज, पाजावी लागते. नाहीतर सूत तुटतं. त्यासाठी ताणा लांबच्या लांब पसरायचा, दोन्ही टोकांनी ताणून धरायचा आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत चालायचं. हे एकट्याचं कामच नव्हे. उजाडताना, ऊन तापायच्या आत, सगळा बोळ बाहेर यायचा. आज याचा ताणा, उद्या त्याचा. कुंचा फिरवता फिरवता कुणाची सोयरीक जुळायची, कुणाची मोडायची, कुणाच्या सुनेचं कुठं दुखतंय हे टोकापासून टोकापर्यंत पोचायचं.

आणि दिवसभर मागांचा आवाज. भिंत सामाईक असल्यानं शेजारच्याचा माग आपल्या घरात ऐकू यायचा. प्रत्येकाची चाल वेगळी. माग थांबला की शेजारीण डोकावायची, "काय गं, बरं आहे ना?" ही रीत कुणी ठरवलेली नव्हती. कान होते, म्हणून होती.

बारवेच्या अंगाला शेवटच्या घरात सुंदरा आणि तिचा नवरा मल्हारी राहत. त्यांच्या अलीकडच्या घरात अंबाक्का. अंबाक्का विधवा, मूलबाळ नाही. दरवर्षी चैत्र पौर्णिमेला देवीला नेसवायचं लुगडं तिच्या हातचं असायचं. तसा तिचा नवस होता, आणि नवस कशासाठी होता ते तिनं कुणाला सांगितलं नाही. गुडघा धरल्यामुळं तिची पावडी अडखळायची. दोन ठोके आणि एक थांबा, दोन ठोके आणि एक थांबा, असा तिचा माग चालायचा.

सुंदरा लांबच्या गावाहून लग्न होऊन आलेली. पहिल्या वर्षी तिला इथलं काही उमजत नव्हतं. तर म्हणे अंबाक्का भिंतीपलीकडून विचारायची, "सुंदरे, आज भाकरी रडत थापलीस का? थापण्याचा आवाज ओला येतोय."

"भाकरीचा आवाज कधी ओला असतो का अक्का?"

"तुझा आला. ये इकडं, धोटा धर. रडायचं ते मागावर रड, लुगडं तरी निघेल."

विणणं सुंदराला अंबाक्कानंच शिकवलं.

मग एका फाल्गुनात आग लागली. भर दुपारची वेळ, वारा सुटलेला. एका घराचं छप्पर पेटलं आणि आग या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत गेली. माग जळाले, सूत जळालं, बोळ काळा पडला. पण माणूस मात्र एकही गेला नाही. कोण आजारी, कोण झोपलंय, कुणाचं लेकरू पाळण्यात आहे, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. खंडू म्हेत्र्याच्या आंधळ्या सासऱ्याला शेजारच्यांनी खाटेसकट बाहेर आणलं. अंबाक्काला सुंदरानं पाठीवर घेतलं. देवीचा पाजून ठेवलेला ताणा देवळात होता, तोही वाचला.

त्या वेळच्या सरकारचे कारभारी त्रिंबकपंत दुसऱ्या दिवशी पाहणीला आले. तुळसामावशी सांगायच्या, या माणसाला कुणी वाईट म्हणू नका. तो राखेतून अनवाणी चालला आणि त्यानं डोळ्याला उपरणं लावलं. पण छपराला छप्पर चिकटलेलं होतं म्हणून आग पसरली, एवढं त्याला दिसलं. माणूस कशानं वाचला ते त्याला दिसलं नाही. कारण ते दिसण्यासारखं नव्हतंच.

पंतांनी पेठ नव्यानं आखली. हात आखडला नाही. प्रत्येकाला सुटं घर, पुढं मोठं अंगण आणि भोवती पुरुषभर उंच पक्की भिंत. मधला बोळ काढून टाकला, त्याची जागा अंगणांत वाटून दिली. म्हणजे जिथून ताणा जायचा तिथं आता एकामागून एक आडव्या भिंती आल्या. गाड्यांसाठी मागच्या अंगाला नवे रुंद रस्ते काढले आणि सगळ्यांचे दरवाजे त्या रस्त्यांकडं फिरवले. हुकूमही काढला, की कुणी भिंत पाडली तर त्याची जागा सरकारजमा होईल. आग पुन्हा पसरू नये, हाच हेतू.

लोक नाखूश होते का? छे. लोक हरखले. मी हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणारे लगेच कारभाऱ्याला नावं ठेवतात. आपलं अंगण, आपली तुळस, आपला दरवाजा. कुणी चुलीत डोकावणार नाही, कुणी सुनेचं वय विचारणार नाही. खंडू म्हेत्रे, देवळाला लागून ज्याचं पहिलं घर, तो तर भिंतीवरून हात फिरवून म्हणाला म्हणे, "आता कुठं माणसात आल्यासारखं वाटतंय." सुंदरालाही आवडलंच. जन्मात पहिल्यांदा तिला केस मोकळे सोडून अंगणात बसता आलं.

पाजणी ज्यानं त्यानं आपल्या अंगणात सुरू केली. ताण्याची घडी घालायची, अर्धा आज, अर्धा उद्या. काम व्हायचं. सूत जरा जास्त तुटायचं, पण काम व्हायचं. शेजाऱ्याकडं जायचं तर मागच्या रस्त्यानं वळसा घालून त्याच्या दारावर थाप मारावी लागे, आणि थाप मारायची तर काहीतरी काम असावं लागे. उगीच कसं जायचं? असं करता करता जाणं कमी झालं. भांडण कुणाचंच झालं नाही.

अंबाक्का आणि सुंदरा यांच्यामध्ये मात्र नव्या पेठेतही एकच भिंत आली, दोघींच्या मागघरांमधली. ती जुनीपेक्षा जाड होती, तरी कान दिला की आवाज यायचा. दोन ठोके, एक थांबा. सुंदरा आठ-पंधरा दिवसांनी वळसा घालून तिकडं जायची.

पुढच्या फाल्गुनात मल्हारीला चार पैसे मिळाले आणि त्यानं मागघराला आतून चुन्याचा गिलावा करून घेतला. सुरेख घोटीव गिलावा. दोन-तीन दिवसांनी सुंदराच्या ध्यानात आलं, की पलीकडचा आवाज येत नाही. तिनं काम थांबवून कान दिला. काही नाही. तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "गवंड्यानं काम चांगलं केलं हो. अक्काचा माग आता अजिबात ऐकू येत नाही."

तुळसामावशी इथं नेहमी थांबायच्या. मीही थांबते.

जुन्या बोळात माग थांबला की शेजारीण उठायची. सुंदराही कोष्ट्याचीच सून. पण तिला वाटलं, थांबला आहे तो आवाज. माग चालूच असेल.

पौर्णिमा जवळ आली तसा रामा गुरव लुगडं कुठवर आलं ते विचारायला अंबाक्काच्या दाराशी गेला. थापा मारल्या, हाका मारल्या. मग दार उचकटलं. अंबाक्का मागाच्या खड्ड्यातच होती. गुडघा आखडला असावा, तिला वर येता आलं नव्हतं. जाऊन किती दिवस झाले असतील कोण जाणे. मागावर देवीचं लुगडं अर्धं झालेलं, आगीतून वाचलेल्या त्या ताण्याचं. हातात धोटा होता. आणि हाताशी जी भिंत होती, सुंदराच्या बाजूची, तिच्यावर धोट्याच्या टोकाचे खळगे पडले होते. दोन-दोनच्या जोड्यांनी. ती आपल्या मागाच्या चालीवर ठोकत राहिली होती, म्हणजे शेजारणीला ओळखू यावं.

सुंदरा ते बघून रडली नाही. तिनं खळग्यांवरून बोट फिरवलं, घरी आली, पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. म्हणाली, "ही भिंत उभी आहे तोवर या पेठेतल्या भिंतीआडचं पाणी मी पिणार नाही."

"भिंत पाडली तर घर जाईल," मल्हारी म्हणाला. "सरकारचा हुकूम आहे, सुंदरा. कुठं राहायचं?"

"मी पाडा म्हणत नाही."

"मग काय करणार?"

"देवीचं लुगडं राहिलंय ते करणार."

मागावरच्या सुताला सुतक लागलेलं. ते उतरवून नदीत सोडलं. म्हणजे नवा ताणा हवा. आणि देवीच्या ताण्याला घडी चालत नाही. घडीच्या जागी वळ उठतो, तसलं लुगडं देवीला नेसवत नाहीत. तो देवळाच्या खांबाला बांधायचा आणि बारवेपर्यंत सरळ न्यायचा, ही पहिल्यापासूनची पद्धत. आता मध्ये भिंतीच भिंती. हे सगळ्यांना कळत होतं. सगळे म्हणत होते, या वर्षी देवीला बाजारातून विकत आणलेलं लुगडं नेसवू. देवी काय समजून घेणार नाही?

सुंदरा दिवस उजाडायला देवळात गेली. रामा गुरवाकडनं सूत घेतलं, ताण्याचं एक टोक खांबाला बांधलं, गुंडा हातात घेतला आणि सरळ चालत जाऊन खंडू म्हेत्र्याच्या भिंतीला अडली. तिथं ती ताणा ओढून धरून उभी राहिली. ताणा सैल सोडला तर सूत सुतात गुंततं. त्यामुळं धरणाऱ्याला जागा सोडता येत नाही.

खंडू आतून ओरडला, "कोण आहे भिंतीला?"

"मी सुंदरा. देवीचा ताणा आलाय."

"दारानं ये की."

"ताणा वळत नाही, खंडूदादा."

"मग मी काय करू? भिंत खाऊ?"

बाहेर जमलेले हसले. कुणी म्हणालं, उन्हं वर आली की जाईल घरी. उन्हं वर आली. चैत्राचं ऊन, सावली नाही. मल्हारी तांब्या घेऊन आला, तिनं मान फिरवली. बायका आल्या, त्यांनीही पाणी पुढं केलं. ते भिंतीआडच्या घरातलंच पाणी. तिनं घेतलं नाही. दुपारी तिचे ओठ फुटले. हाताला सूत रुतून वळ उठले. गावभर झालं, की कोष्ट्याची एक बाई भिंतीला तोंड करून उभी आहे. बघे वाढले, पण बोलणं हळूहळू कमी झालं. एकमेकांना म्हणायचं तरी काय? पुष्कळांच्या मनात हेच चाललं होतं, की आपल्या शेजारचा माग आपण शेवटचा कधी ऐकला.

मग भिंतीच्या आतून ठक ठक आवाज आला. एक वीट हलली, मागं सरकली आणि आत पडली. भोकातून एक म्हातारा हात बाहेर आला. खंडूची आई, गौराबाई. अंबाक्काच्या वयाची. नव्या घरात आल्यापासून तिनं घरच्यांखेरीज कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"दे इकडं टोक," ती म्हणाली.

आतून खंडू तिला ओरडत होता, घर घालवशील म्हणून. म्हातारी म्हणाली, "घालवीन. मी अशी खड्ड्यात मेले तर तुला कळायला गुरव यायला हवा का?" पुढं पहार आणली ती खंडूनंच, असं सांगतात.

गुंडा जाईल एवढं भोक झालं. सुंदरा वळसा घालून आत गेली, गौराबाईच्या हातून टोक घेतलं, अंगण ओलांडलं आणि समोरच्या भिंतीशी उभी राहिली. पलीकडं आधीच पहारेचा आवाज येत होता. मग पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. कुणाला सांगावं लागलं नाही. भिंत कुणीच पाडली नाही हो, हुकूम मोडायचा नव्हता. जो तो आपल्या भिंतीला ताण्यापुरतं भोक पाडत गेला. आणि प्रत्येक भोकातून शेजारी शेजाऱ्याला दिसला, कित्येक महिन्यांनी. बायका भोकाला तोंड लावून बोलत होत्या. "अगं, तुझं पोट पुढं आलंय, कितवा?" "सहावा." "आणि मला कळू नये?"

अशी ती अंबाक्काच्या भिंतीपर्यंत आली आणि अडली. त्या घरात आतून भोक पाडायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात पंत आले. शिपाई बरोबर होते. लोक बाजूला झाले, कारण आता प्रत्येकाच्या घराला भोक होतं आणि प्रत्येकाची जागा जाणार होती. सुंदरा जागची हलली नाही, तिला हलता येत नव्हतं. पंतांनी ताण्याकडं पाहिलं, मग वाकून भोकातून पाहिलं. एकामागून एक सगळ्या भिंतींतून त्यांना थेट देवळातली समई दिसली.

"हे कुणी सांगितलं करायला?" त्यांनी विचारलं.

गौराबाई ताण्याच्या मागोमाग तिथवर आली होती. मग गौराबाईच म्हणाली, "पंत, तुम्ही घरं चांगली दिलीत. देव तुमचं भलं करो. फक्त आत मेलेलं माणूस बाहेर कळत नाही, तेवढं बघा."

पंत म्हणाले, "या घरात कोण आहे?"

"कुणी नाही," सुंदरा म्हणाली. "माझी शेजारीण होती."

आणि तेव्हा, असं सांगतात, त्या रिकाम्या घरातून आवाज आला. दोन ठोके, एक थांबा. दोन ठोके, एक थांबा. सगळ्यांनी ऐकला. शिपायांनी ऐकला. काहीजण म्हणतात, पलीकडून मल्हारी आपला गिलावा फोडत होता, त्याचा तो आवाज. मी एकदा तुळसामावशींना विचारलं, खरं काय? त्या म्हणाल्या, "मल्हारी असेल गं. पण अंबाक्काच्या चालीवर ठोकायला त्याला कुणी शिकवलं?"

पंतांनी शिपायाच्या हातून पहार घेतली आणि अंबाक्काच्या भिंतीची पहिली वीट स्वतः काढली.

आत गेल्यावर शेवटची भिंत राहिली, मागघरांमधली, खळगे पडलेली. तिथं सुंदरानं ताण्याचं टोक पंतांच्या हाती दिलं. म्हणे कारभारी ताणा धरून उभा राहिला, तो सैल पडू नये म्हणून हलला नाही. सुंदरानं खळगे होते बरोबर त्याच जागी पहार घातली. पलीकडून मल्हारीनं घातली. वीट पडली, चुना पडला, आणि त्या भोकातून मल्हारीचा हात तांब्या घेऊन आला. ती तिथंच, भिंतीच्या तोंडाशी बसून, पाणी प्यायली. रडली ती तेव्हा, त्याआधी नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना देवीच्या ताण्याची पाजणी झाली. प्रत्येक घर आपापल्या भोकापासून पुढच्या भोकापर्यंत कुंचा फिरवत होतं. फुटक्या विटांच्या कडांना सूत घासत होतं, आणि तरी एक धागा तुटला नाही. लुगडं सुंदरानं विणलं, अंबाक्काच्या मागावर बसून. पौर्णिमेला देवी तेच नेसली.

पंतांनी हुकूम फिरवला. घरं राहू द्यावीत, ज्याला जेवढं उंच बांधायचं त्यानं बांधावं, पण देवळापासून बारवेपर्यंत ताण्याच्या वाटेवर कुणी आडवी भिंत घालू नये. रुंदी किती, तर ताण्याच्या दोन्ही बाजूंनी कुंचा घेऊन माणूस चालेल एवढी. भोकाची खिडकी झाली, खिडकीचं दार झालं, आणि दारांची ही वाट झाली. सुंदरानं मरेपर्यंत मागघराला पुन्हा गिलावा लावू दिला नाही म्हणे.

आता मागही नाहीत. ते यंत्रमाग होऊन शहराबाहेर गेले, आणि कौलारू घरंही गेली. जमिनीचा भाव चढला तशा इमारती आल्या. प्रत्येक इमारतीच्या वेळी वादावादी झाली, नाही असं नाही. बारवेकडची शेवटची इमारत बांधणाऱ्या पोरसवदा बिल्डरनं सोसायटीच्या बैठकीत चांगलं समजावून सांगितलं होतं. इथं शटर लावू, कार्ड दाखवलं की उघडेल, कोपऱ्या-कोपऱ्यावर कॅमेरे बसवू, कोण आलं कोण गेलं सगळं दिसेल. तुळसामावशी तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या, खुर्चीवर आणून बसवलेल्या. त्या म्हणाल्या, "बाळा, आलेला दिसेल. न आलेला कसा दिसेल?"

शटर बसलं नाही.

तर चैत्र पौर्णिमेच्या आधीच्या दिवशी, उजाडताना, आम्ही सगळ्या मजल्यांवरून खाली उतरतो. कुणी गाऊनवर ओढणी घेतलेली, कुणी टॉवेलवर, ते तसंच चालतं. देवळाच्या खांबाला सूत बांधतात आणि इमारतींच्या पोटातून ते बारवेकडं नेतात. खळ पाजायची गरज उरलेली नाही, तरी कुंचा फिरवतात. लहान पोरं शाळेचे ब्रशही फिरवतात, त्यांना कुणी रागावत नाही. अंबाक्काचं घर होतं त्या जागी आता सहा मजली इमारत आहे. तिच्या खाली ताणा आला की तो कशालाही बांधत नाहीत. तिथं तो हातानंच धरायचा, आणि धरणारं माणूस पेठेत एकटं राहणारं हवं. ते शोधायचं काम शेजाऱ्यांचं, म्हणजे बहुतेक वेळा माझ्याकडंच येतं.

यंदा चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी एक नर्स होती, सरिता टोप्पो नावाची, लांब झारखंडची. दोन वर्षं राहते, पण रात्रपाळीमुळं ती कुणाला नीट माहीत नव्हती. तिला सांगितलं, हे धरून उभं राहायचं, सैल सोडायचं नाही. तिनं विचारलं, "कब तक?"

मी म्हटलं, कुणीतरी येऊन हातातून घेईपर्यंत.

पद्धत अशी आहे, की ज्याला तिच्या हातातून टोक घ्यायचं त्यानं आधी तिचं नाव विचारायचं, गाव विचारायचं, घरी कोण कोण असतं ते विचारायचं. आणि टोक एकानं घेतलं की थोड्या वेळानं पुन्हा तिच्याच हातात देतात, म्हणजे दुसऱ्याला विचारता यावं. ऊन चढेपर्यंत ती तिथं उभी होती, सूत घट्ट धरून, आणि तिच्यापुढची रांग बारवेपर्यंत गेली होती.